पाण्याचा ताण आणि पालेभाजीचे सत्त्व

संत्र्याचा मृग बहार धरायचा तर एप्रिल-मे महिन्यांत बागेचे पाणी तोडावे लागते, हे नागपूर-अमरावतीकडच्या बागायतदाराला शिकवावे लागत नाही. मोसंबी, डाळिंब यांचाही बहार ताण देऊनच घेतात. झाडाला काही काळ तहानलेले ठेवले की ते आपला कारभार बदलते, ही समज आपल्या फळबागांत चांगली मुरलेली आहे. पालेभाजीच्या वाफ्यापर्यंत मात्र ती कधी आली नाही. मेथी, पालक, कोथिंबीर, लाल माठ यांना पाणी कमी पडता कामा नये, दर तीन-चार दिवसांनी वाफे भिजलेच पाहिजेत, अशीच रीत आहे. बाजाराच्या हिशेबाने ती बरोबरही आहे. पान कोवळे, रुंद आणि रसरशीत असले तर जुडी भरते, आणि घाऊक बाजारात पालेभाजीचा भाव शेकडा जुडीवर ठरतो. पानात काय आहे ते तिथे कोणी विचारत नाही.

तो प्रश्न आता संशोधक विचारू लागले आहेत. क जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन, ल्युटिन, पॉलिफिनॉल, मोहरीच्या कुळातली ग्लुकोसिनोलेट ही पानातली द्रव्ये आपल्या प्रकृतीला उपकारक मानली जातात. वाफ्याला पाणी किती मिळाले यावर त्यांचे प्रमाण ठरते का? बहुतेक प्रयोगांचे उत्तर एका दिशेचे आहे: पाण्याचा थोडा ताण बसला की यांतली बरीच द्रव्ये वाढतात. ‘कमी पाण्यात जास्त पोषण’ असा मथळा यातून सहज तयार होतो. पण वाढ कशाच्या मानाने मोजली, ताण किती आणि कधी दिला, आणि वाढलेल्यातले ताटात किती उतरले, हे पाहिल्याशिवाय त्या मथळ्याला अर्थ नाही. या लेखात मुख्यतः हाच हिशेब मांडायचा आहे.

आधी पानात काय घडते ते पाहू. जमिनीतली ओल कमी झाली की मुळांना त्याची चाहूल लागते, ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि पानांवरची पर्णरंध्रे मिटू लागतात. बाष्प बाहेर जाणे थांबते, पण त्याच दारातून आत येणारा कार्बन डायऑक्साइडही अडतो. ऊन मात्र पानावर पडतच असते. हरितद्रव्याने पकडलेली ऊर्जा खर्चायला पुरेसा कार्बन डायऑक्साइड नसल्याने ती ऊर्जा ऑक्सिजनकडे वळते आणि पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे उग्र रेणू तयार होतात. त्यांना आवरायला वनस्पती आपली संरक्षक फळी उभी करते. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, कॅरोटिनॉइड, फ्लॅव्होनॉइड हे सगळे त्या फळीतले घटक. आपण ज्यांना अँटिऑक्सिडंट म्हणून गौरवतो, ती द्रव्ये वनस्पती स्वतःच्या बचावासाठी करत असते.

दुसरे कारण तितकेच महत्त्वाचे आहे, पण त्याची चर्चा कमी होते. पाण्याच्या ताणात पहिल्यांदा थांबते ती पानाची वाढ. पेशी फुगून मोठी व्हायला आतून पाण्याचा दाब लागतो, आणि तो दाब जरा उतरला तरी वाढ मंदावते. प्रकाशसंश्लेषण मात्र त्यानंतरही काही काळ बऱ्यापैकी चालू राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील थिओडोर शाओ यांनी १९७३ साली या विषयावरच्या आपल्या प्रसिद्ध आढाव्यात ही क्रमवारी स्पष्ट केली होती. म्हणजे सौम्य ताणाच्या दिवसांत पानात साखर तयार होत राहते, पण ती खर्चून पान मोठे होत नाही. हा शिल्लक कार्बन फिनॉलिक द्रव्यांकडे वळतो. ताण आणखी वाढला की प्रकाशसंश्लेषणच बसते, शिल्लक उरत नाही आणि द्रव्ये बनवायला कच्चा मालच राहत नाही. पुष्कळशा प्रयोगांत मध्यम ताणाला वाढ दिसते आणि तीव्र ताणाला ती थांबते किंवा उलटते, त्याचा उलगडा यातून बराचसा होतो.

आपल्या स्वयंपाकघराला सगळ्यांत जवळचे काम झाले ते लाल माठाच्या जातीवर. बांगलादेशातील उमाकांत सरकार आणि जपानच्या गिफू विद्यापीठातील शिन्या ओबा यांनी २०१८ च्या सुमारास ॲमरँथस ट्रायकलर या जातीवर एकामागून एक शोधनिबंध प्रसिद्ध केले. मातीची जलधारणक्षमता पूर्ण भरलेली ठेवून काही झाडे वाढवली, काहींना त्या क्षमतेच्या सुमारे ६० टक्के तर काहींना ३० टक्केच ओल ठेवली. ताण वाढत गेला तसे क जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन, एकूण पॉलिफिनॉल आणि फ्लॅव्होनॉइड वाढत गेले, असे त्यांना आढळले. तीव्र ताणातही हा चढ टिकला, हे विशेष. माठ ‘सी-४’ गटातली वनस्पती आहे. ज्वारी, मका, ऊस यांच्याप्रमाणे तिच्यात कार्बन डायऑक्साइड एकवटण्याची सोय असते आणि पर्णरंध्रे अर्धवट मिटली तरी काम चालते. त्यामुळे ज्या ओलीत मेथी हात टेकते, त्या ओलीत माठ अजून काम करत असतो. सरकार-ओबा यांनी यावरून अवर्षणप्रवण भागात माठ लावावा असे सुचवले, आणि ती सूचना सोलापूर, धाराशिव, बीडकडच्या वाचकाला विचार करण्यासारखी वाटेल. मात्र याच झाडांचे वजन आणि पानांची वाढ ताणाबरोबर घटत गेली, तेही त्यांच्याच कामात नोंदलेले आहे.

इथे हिशेबाचा पहिला पेच येतो. पालकाच्या पानात साधारण ९० ते ९२ टक्के पाणी असते. समजा, भरपूर पाण्यावर वाढलेल्या १०० ग्रॅम पानांत ९२ ग्रॅम पाणी आणि ८ ग्रॅम सुके द्रव्य आहे, आणि क जीवनसत्त्व ३० मिलिग्रॅम आहे. आता तीच पाने जरा तहानलेली असती, पाणी ८८ ग्रॅम आणि सुके द्रव्य १२ ग्रॅम असते, आणि वनस्पतीने एक कणही जास्तीचे जीवनसत्त्व तयार केले नसते, तरी १०० ग्रॅम पानांत ते ४५ मिलिग्रॅम भरले असते. कागदावर ५० टक्के वाढ, प्रत्यक्षात फक्त पाणी कमी. म्हणून एखाद्या निबंधात ‘१०० ग्रॅम ताज्या पानांत’ असे लिहिले आहे की ‘एक ग्रॅम सुक्या वजनात’, हे मी आधी पाहतो. सुक्या वजनावरही वाढ दिसत असेल तरच वनस्पतीने खरोखर काही जास्त घडवले असे म्हणता येते. फिनॉलिक द्रव्यांच्या बाबतीत सुक्या वजनावरची वाढ बऱ्याच प्रयोगांत टिकते. कॅरोटिनॉइडांच्या बाबतीत निकाल फार विखुरलेले आहेत. ताज्या वजनावर वाढ आणि सुक्या वजनावर घट असेही घडते, कारण तीव्र ताणात हरितद्रव्याबरोबर कॅरोटिनॉइडांचीही मोडतोड होते.

पण खाणाऱ्याच्या दृष्टीने पाणी उडाल्याने झालेली वाढ अगदीच खोटी आहे का? किलोवर विकत घेणाऱ्याला तरी नाही. दाट पानांच्या एका किलोत खरोखर जास्त सत्त्व घरी येते. जुडीवर घेणाऱ्याचे मात्र वेगळे, कारण ताणात वाढलेली जुडी हलकी असते. आणि भाजी शिजल्यावर आणखी एक गोष्ट घडते. पालकाची किंवा माठाची टोपलीभर पाने कढईत आळून वाटीभर होतात. पानातले जास्तीचे पाणी तिथेच उडून जाते, आणि शिजलेल्या वाटीपुरते बोलायचे तर दाट पान आणि पातळ पान यांतला फरक बराच मिटतो. मोजमाप कच्च्या पानांचे आणि खाणे शिजलेल्या पानांचे, ही तफावत या विषयावरच्या बहुतेक चर्चेतून निसटते.

दुसरा पेच शेतकऱ्याचा आहे. एका तुकड्यातून १०० किलो पालक निघत होता आणि त्याच्या १०० ग्रॅम पानांत ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व होते, असे धरू. म्हणजे त्या तुकड्याने ३० ग्रॅम जीवनसत्त्व दिले. पाणी तोडल्यावर उत्पादन ६० किलोवर आले आणि प्रमाण ३० टक्क्यांनी वाढून ३९ मिलिग्रॅम झाले, तर तुकड्याचे एकूण जीवनसत्त्व २३.४ ग्रॅम. पान श्रीमंत झाले आणि शेत गरीब. गावाच्या, तालुक्याच्या पोषणाचा विचार करायचा तर हा दुसरा आकडा मोठा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. ज्या घरात आठवड्यातून एकदाच पालेभाजी होते, तिथे पानातले द्रव्य पाव हिश्शाने वाढवण्यापेक्षा भाजी आठवड्यातून तीनदा शिजणे कितीतरी मोलाचे आहे. उत्पादन घटवून भाव चढवणारा ताण त्या घराच्या उपयोगाचा नाही.

म्हणूनच मला या सगळ्या संशोधनातला सर्वांत कामाचा भाग वाटतो तो ताणाच्या वेळेचा. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्य विद्यापीठात म्युंग-मिन ओह, एडवर्ड कॅरी आणि सी. बी. राजशेखर यांनी लेट्युसवर केलेले काम यासाठी वाचावे. २००९ साली त्यांनी दाखवले की अगदी थोड्या मुदतीचा धक्का, म्हणजे काही मिनिटांची उष्णता, एखाद्या दिवसाची थंडी किंवा प्रखर प्रकाश, एवढ्यानेही लेट्युसमधली फिनॉलिक द्रव्ये दुपटी-तिपटीने वाढतात आणि झाडाच्या वजनात फारशी तूट येत नाही. २०१० साली त्यांनी हीच कल्पना पाण्याला लावली. सौम्य, मोजका ताण दिल्यावर फिनॉलिक द्रव्ये वाढलीच, शिवाय ती घडवणारे, तसेच क आणि ई जीवनसत्त्वांच्या घडणीत भाग घेणारे जनुक जागे झाल्याचे दिसले. वाढलेला आकडा पाणी उडाल्याचा आहे की घडणीचा, या शंकेचे हे चांगले उत्तर आहे. इथे कारखाना खरोखर चालू झाला होता.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की भाजीला जन्मभर तहानलेले ठेवायची गरज नाही. पानाला बहुतेक वाढ करू द्यायची, आणि काढणीच्या तोंडाशी एखादे पाणी चुकवायचे. तोवर वजन बनलेले असते, जुडी भरलेली असते, आणि शेवटच्या दोन-चार दिवसांत पान आपली संरक्षक फळी उभी करते. हा ताण किती, ते वाफ्यावर उभे राहून कळते. दुपारी उन्हात पानांनी मान टाकली आणि संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली, तर ताण सौम्य. सूर्योदयाआधीही पाने लोंबलेलीच असतील तर हद्द ओलांडली. त्यानंतर पान जून होते, कडवटते, आणि मेथी-कोथिंबीर फुलावर जाण्याची घाई करते. मग ते सत्त्व कोणाच्या घशाखाली उतरणार?

कोबी, मोहरी, मुळा यांच्या कुळाचा हिशेब थोडा निराळा. त्यांचे ग्लुकोसिनोलेट म्हणजे गंधकयुक्त तिखट द्रव्ये. पान चिरले की मायरोसिनेज नावाचे विकर त्यांच्यावर काम करते आणि मोहरीचा तो नाकात जाणारा झणका तयार होतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोबीवर झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कामात असे दिसले, की गड्डा भरण्याच्या काळात ज्या झाडांना पाणी मिळाले नाही त्यांच्यात ग्लुकोसिनोलेट जास्त भरले. जर्मनीत सलगमच्या कंदावर असाच कल दिसला आहे. मोहरीची पाने आणि मुळ्याचा पाला उन्हाळ्यात जास्त उग्र लागतो, हा घरोघरचा अनुभव याला जुळणारा आहे, पण तिथे पाण्याबरोबर उष्णताही काम करते हे विसरू नये. आणि एक गोष्ट स्वयंपाकाची: मायरोसिनेज उष्णतेने मरते. कोबी पार गाळ होईपर्यंत शिजवला तर शेतात वाढवलेल्या ग्लुकोसिनोलेटचा उपयोग पुष्कळ कमी होतो. कोशिंबीर किंवा अर्धकच्ची परतलेली भाजी या बाबतीत उजवी.

घोळीच्या भाजीचा प्रकार तर मुळातून पाहण्यासारखा आहे. वाफ्यात कोणी मुद्दाम न लावलेली, बांधाला पसरणारी, मांसल पानांची ही घोळ एरवी माठासारखीच सी-४ पद्धतीने जगते. ताण पडला की ती निवडुंगाची रीत धरते. रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेते, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते, आणि दिवसा दारे मिटून तो साठा वापरते. या दोन्ही पद्धती तिच्या पानात एकाच पेशीत गुंतलेल्या असतात, हे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली दाखवले. म्हणून कोरड्या दिवसांत पहाटे खुडलेली घोळ दुपारच्या घोळीपेक्षा आंबट असते. रात्रभर साठलेले आम्ल पहाटे भरलेले असते आणि दिवस चढेल तसे खर्च होते. पाणी, वेळ आणि चव यांचा इतका उघड संबंध दुसऱ्या कुठल्या भाजीत जिभेला कळत नाही. शिवाय घोळीत ओमेगा-३ स्निग्धाम्ल आहे. वनस्पतींच्या पानांत ते इतके असू शकते याकडे आर्टेमिस सिमोपोलस यांनी १९८६ मध्ये वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले होते. आपण तिला तण समजून निंदणीत उपटून बांधावर टाकतो. पाण्याच्या तुटीच्या प्रदेशात अभ्यासायला याहून चांगली भाजी मला सुचत नाही.

रानभाज्यांविषयी मात्र एक समज दुरुस्त करायला हवी. रानात हाल सोसून वाढतात म्हणून त्या जास्त पौष्टिक, असे सर्रास म्हटले जाते. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी या भाज्या खुडतात कधी? पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यांत, जमीन भिजलेली आणि आभाळ झाकलेले असताना. त्या काळात त्यांना तहान नसते. त्यांची कडवट चव आणि गुण त्यांच्या जातीतूनच येतात. ताणावर वाढलेल्या भाज्या पाहायच्या तर रब्बीत पाहाव्यात. जमिनीतल्या उरल्या ओलीवर उभ्या असलेल्या कोरडवाहू रानातली करडईची कोवळी पाने, हरभऱ्याचा खुडलेला पाला. दोन्ही पानांना एकही पाणी मिळालेले नसते, आणि ज्यांनी ती खाल्ली आहेत त्यांना बागायती मेथीशी त्यांचा फरक सांगावा लागणार नाही.

आता उलट बाजू. ताणात सगळेच उपकारक घटक वाढतात असे नाही. खनिजांचा मार्ग पाण्यातूनच जातो. कॅल्शियम मुळातून पानात पोचते ते बाष्पोच्छ्वासाच्या ओढीवर, आणि ती ओढ कमी झाली की पानात जाणारा पुरवठा घटतो. स्फुरद आणि जस्त मातीतल्या ओलीच्या पातळ थरातून सरकत मुळांशी येतात, आणि माती कोरडी पडली की त्यांची वाट अडते. शिवाय नायट्रेटची अडचण आहे. ताणात पानातले नायट्रेट पुढे प्रथिनांत बदलणारे विकर मंदावते, आणि युरियाची मात्रा मोठी असेल तर नायट्रेट पानात साठत जाते. युरोपीय संघाने ताज्या विलायती पालकासाठी किलोला ३५०० मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा घालून दिली आहे, ती अशा साठ्याच्या भीतीने. पाणी तोडायचे असेल तर नत्राचा शेवटचा हप्ता बराच आधी संपलेला हवा. या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या नाहीत तर सल्ला धोक्याचा ठरतो.

वनस्पती ही द्रव्ये आपल्यासाठी बनवत नाही, हे ज्वारीने शेतकऱ्याला केव्हाच शिकवले आहे. पावसाने ओढ दिली की ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांत सायनाइड सोडणारे द्रव्य वाढते आणि ते पोंगे खाऊन जनावरे दगावतात. ताणाने वाढणाऱ्या द्रव्यांतली काही आपल्याला मानवतात, काही मानवत नाहीत, आणि काही एका अंगाने मानवतात. पॉलिफिनॉल याचे ठळक उदाहरण. चहामुळे जेवणातले लोह कमी शोषले जाते ते चहातल्या पॉलिफिनॉलमुळे, आणि पानांतली काही पॉलिफिनॉल हेच करतात. क जीवनसत्त्व उलट लोहाच्या शोषणाला मदत करते. ताणात दोन्ही वाढली तर रक्तक्षय असलेल्या बाईला फायदा किती, याचे उत्तर नुसत्या ‘एकूण अँटिऑक्सिडंट’च्या आकड्यात नसते. त्या आकड्याचीच मला फारशी मातबरी वाटत नाही. फोलिन-सिओकाल्टू या नेहमीच्या परीक्षेत पॉलिफिनॉलबरोबर क जीवनसत्त्वासारखी इतर द्रव्येही रंग देतात, म्हणजे एकच गोष्ट दोन रकान्यांत मोजली जाऊ शकते. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ साली खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली सारणी मागे घेतली. परीक्षानळीतल्या त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर चालला होता.

कॅल्शियमचेही असेच. पालकात ते कागदावर भरपूर, पण ऑक्झॅलेटने बांधलेले. रॉबर्ट हीनी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मोजले तेव्हा पालकातले सुमारे ५ टक्केच कॅल्शियम शोषले गेले, दुधातले २७ टक्क्यांच्या आसपास. माठ, चुका, अळू, घोळ यांच्यातही ऑक्झॅलेट आहेच. इथे आणखी एक भानगड लक्षात ठेवावी. तो पालक होता विलायती, स्पिनेशिया प्रजातीतला. आपल्या बाजारातला नेहमीचा पालक, ‘ऑल ग्रीन’सारख्या जातींचा, हा बीटच्या जातीतला आहे. बाहेरच्या देशांत पालकावर झालेले पाण्याचे प्रयोग जसेच्या तसे आपल्या पालकाला लावणे म्हणूनच योग्य नाही.

पाणी जास्त झाले तर काय होते, याकडे वळू, कारण आपल्या बागायती पट्ट्यातला रोजचा दोष तोच आहे. पाटाने मोकाट पाणी सोडलेला सपाट वाफा भारी काळ्या जमिनीत दोन-दोन दिवस चिखलात उभा असतो. वाफसा येईपर्यंत मुळांना हवा मिळत नाही, नत्र खाली झिरपून जाते, पान पिवळे पडते. आणि जिथे पान पिवळे न पडता नुसतेच फुगते, तिथे द्रव्ये पातळ होतात. स्पेनच्या मुर्सियात आइसबर्ग लेट्युसवर झालेल्या कामात जादा पाण्यावरची पाने कापून ठेवल्यावर लवकर तपकिरी पडली, कमी पाण्यावरची जास्त टिकली. म्हणजे फार दूर जाऊन ताणाचे तंत्र शिकण्याआधी, वाफशावर पाणी देणे एवढे जरी केले तरी पानाची प्रत सुधारायला जागा आहे. ठिबक किंवा तुषार असेल तर ते सोपे जाते. सपाट वाफ्याऐवजी गादीवाफा केला तरी पाणी साचत नाही.

पाणी किती याबरोबर पाणी कसले हाही प्रश्न आहे. मुंबईत रेल्वे रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पालक, माठ, अंबाडी वर्षानुवर्षे पिकत आली. पालेभाज्या कॅडमियमसारखे जड धातू पानात ओढून घेण्यात पुढे असतात. अशा पानात पॉलिफिनॉल किती वाढले हे मोजण्यात अर्थ नाही.

शेतात मिळवलेले बरेचसे काढणीनंतरच्या काही तासांत गमावले जाते. १९५९ साली एझेल आणि विल्कॉक्स या अमेरिकन संशोधकांनी पाने कोमेजण्याचा आणि तापमानाचा क जीवनसत्त्वाशी संबंध तपासला. पाने जितकी कोमेजली आणि हवा जितकी उबदार, तितका ऱ्हास वेगाने झाला. वाफ्यातला ताण आणि कापल्यानंतरचा ताण यांत हा फरक आहे. मुळावर उभे असलेले पान तहानेला उत्तर देऊ शकते, कापलेल्या पानाजवळचा साठा फक्त खर्च होतो. दुपारी काढलेली, टेंपोत रचून रात्रभर प्रवास केलेली आणि सकाळी बाजारात पाणी मारून टवटवीत केलेली मेथी दिसायला ताजी असते, पण उडालेले क जीवनसत्त्व त्या शिडकाव्याने परत येत नाही. ज्याला सत्त्वाची काळजी आहे त्याने पहाटे काढावे, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवावे आणि शक्य तितक्या जवळ विकावे. यातला फायदा सिंचनातून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा लहान नसेल, असे माझे मत आहे. घरात पोचल्यावर कॅरोटिनॉइड अंगी लागायला तेलाची फोडणी हवी आणि लोहासाठी वर लिंबू पिळावे, हे तर आजीच्या हातचेच शास्त्र.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली देशभरातून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांची पोषणसारणी प्रसिद्ध केली. आपल्याकडचे आहारशास्त्राचे बरेच हिशेब तिच्यावर चालतात. त्या सारणीत प्रत्येक भाजीसमोर एक सरासरी आकडा आणि त्याच्या शेजारी चढउतार दिलेला असतो. पालेभाज्यांच्या त्या चढउतारात जात, माती, ऋतू, ऊन आणि पाणी हे सगळे एकत्र बसलेले आहे. त्यातला पाण्याचा वाटा वेगळा काढायचा तर प्रयोग आपल्या मातीत, आपल्या भाज्यांवर करावे लागतील, आणि राहुरी, परभणी, अकोला, दापोली या चारही कृषी विद्यापीठांकडे त्यासाठी लागणारी रानेही आहेत आणि माणसेही.

तो प्रयोग कसा असावा, याविषयी माझे म्हणणे सरळ आहे. ऑल ग्रीन पालक, लाल माठ, मेथी आणि घोळ घ्यावी. नत्राची मात्रा सगळ्या वाफ्यांना सारखी ठेवावी, आणि पावसाचे पाणी हिशेब बिघडवणार नाही असा आडोसा करावा. काही वाफे काढणीपर्यंत वाफशावर ठेवावेत, काहींचे शेवटचे पाणी दोन दिवस आधी तोडावे, काहींचे चार, काहींचे सहा. ताज्या वजनाचा आकडा, सुक्या वजनाचा आकडा आणि गुंठ्यामागे मिळालेल्या एकूण द्रव्याचा आकडा, तिन्ही शेजारी शेजारी छापावेत. नायट्रेट आणि ऑक्झॅलेट त्याच नमुन्यात मोजावे. पाने फोडणीला टाकून, शिजवून पुन्हा मोजावीत, आणि ती भाजी घरच्या माणसांना, मुलांनाही, खायला देऊन कडवटपणाची नोंद घ्यावी. पाणी तोडल्यापासून ताण बसेपर्यंतचे दिवस मुरमाड हलक्या जमिनीत आणि भारी काळ्या जमिनीत वेगवेगळेच निघणार, म्हणून हे काम एकाच प्रकारच्या रानात करून भागणार नाही.